सायप्रसच्या मधोमध रेघ कशी आली?

जून २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी सायप्रसला गेले. राजधानी निकोसियाच्या जुन्या भागात ते राष्ट्राध्यक्ष निकोस ख्रिस्तोदुलिदीस यांच्याबरोबर फिरले, आणि त्या दोन दिवसांत आपल्या बातम्यांत ‘ग्रीन लाइन’, ‘बफर झोन’, ‘तुर्कस्तानच्या ताब्यातला उत्तर भाग’ असे शब्द सारखे कानावर पडले. एरवी आपल्याला सायप्रस माहीत असतं ते सहल कंपन्यांच्या जाहिरातींतून: निळा समुद्र, पांढरी वाळू, भरपूर ऊन. २०२४ साली तिथे चाळीस लाखांहून जास्त पर्यटक गेले. मग युरोपीय संघाचा सदस्य असलेल्या या देशाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठ्या भागात परक्या देशाचं सैन्य पन्नास वर्षं कसं काय बसून आहे?

याचं उत्तर दोन सालांत दडलेलं आहे. तुम्ही ग्रीक भाषक सायप्रसवासीयाला विचारलंत तर तो गोष्ट १९७४ पासून सुरू करेल. तुर्की भाषकाला विचारलंत तर तो १९६३ पासून. दोघंही खरं सांगत असतात. ज्याला एकच साल माहीत आहे, त्याला हे बेट अर्धंच कळतं.

आधी बेट पाहू

भूमध्य समुद्रात सिसिली आणि सार्डिनियाच्या खालोखाल सायप्रसचा नंबर लागतो. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या अडीचपट. ते समुद्राच्या अगदी पूर्वेच्या कोपऱ्यात आहे. तुर्कस्तानचा किनारा जेमतेम सत्तर किलोमीटरवर, सीरियाही जवळच. ग्रीसची मुख्य भूमी मात्र सातशे-आठशे किलोमीटर लांब. ही अंतरं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पाहण्यासारखं इतकं आहे की आठवडा पुरत नाही. नैर्ऋत्येला पाफोस आहे. तिथे १९६२ साली शेत नांगरताना रोमन काळातल्या वाड्यांच्या रंगीत दगडी फरशा सापडल्या. द्राक्षं, शिकारी, मोर, ग्रीक देवादिकांच्या कथा, सगळं बोटाच्या पेराएवढ्या दगडांतून उभं केलेलं. जवळच समुद्रात तो खडक आहे जिथे फेसातून आफ्रोदिती ही प्रेमाची देवता जन्मली, असं ग्रीक पुराणं सांगतात. मध्यभागी त्रोओदोस डोंगर आहे. त्याचं शिखर १,९५२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. हिवाळ्यात त्यावर बर्फ पडतं आणि लोक स्कीइंग करतात. त्याच डोंगरातल्या उतरत्या कौलारू चर्चमध्ये भिंतभर चित्रं आहेत, जागतिक वारशात नोंदलेली. बाहेरून ही चर्च आपल्या कोकणातल्या एखाद्या साध्या घरासारखी दिसतात आणि आत पाऊल टाकलं की नजर हलत नाही. लार्नाकाच्या मिठाच्या तळ्यावर थंडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि तळ्याच्या काठी ताडामाडांच्या सावलीत हाला सुलतान तेक्के हा मुस्लिमांचा मोठा दर्गा आहे. आया नापा इथे तरुण मंडळींची रात्रभर गर्दी असते. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

हे सगळं दक्षिणेतलं. उत्तरेतही तेवढंच आहे. किरेनियाचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं बंदर, तिथल्या किल्ल्यात जपून ठेवलेलं तेवीसशे वर्षांपूर्वीचं बुडालेलं व्यापारी जहाज, बेल्लापाइसचा पडका मठ, आणि पूर्वेला कार्पास नावाची लांब निमुळती जीभ. तिथे मोकाट गाढवं हिंडतात आणि उन्हाळ्यात वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात.

दोन भाषा बोलणारे लोक एका बेटावर कसे आले?

ज्याचं आरमार, त्याचं सायप्रस, असाच इथला इतिहास आहे. ग्रीक भाषा बोलणारे लोक तिथे तीन हजार वर्षांहून जास्त काळ आहेत. वरचे राज्यकर्ते मात्र बदलत राहिले: रोमन, बायझंटाइन, मग ११९१ मध्ये धर्मयुद्धाला निघालेला इंग्लंडचा राजा रिचर्ड. त्याने वाटेत बेट जिंकलं, लिमासोलला लग्न केलं आणि पुढे बेट विकूनही टाकलं. त्यानंतर फ्रेंच वंशाच्या ल्युझिन्यान घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षं राज्य केलं. १४८९ पासून व्हेनिस. १५७०-७१ मध्ये ओस्मानी तुर्कांनी बेट घेतलं आणि अनातोलियातून लोक आणून वसवले. आजच्या तुर्की भाषक समाजाची मुळं तिथली.

म्हणजे तुर्की सायप्रसवासी काही परवा आलेले नाहीत, त्यांनाही साडेचारशे वर्षं झाली. गावं पुष्कळदा मिसळलेली होती, एकाच गावात चर्च आणि मशीद असे. १८७८ मध्ये ओस्मानी सुलतानाने बेटाचा कारभार ब्रिटिशांच्या हाती दिला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी ते आपल्या साम्राज्यालाच जोडलं आणि १९२५ मध्ये रीतसर वसाहत केलं. त्या काळाची खूण आपल्याला लगेच जाणवते. सायप्रसमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावतात.

स्वातंत्र्य मागितलं, पण कोणतं?

इथे आपली सवयीची समजूत बाजूला ठेवावी लागते. सायप्रसमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या ग्रीक भाषकांना स्वतंत्र सायप्रस नकोच होतं. त्यांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं. या मागणीला एनोसिस म्हणत. १९५५ मध्ये तिच्यासाठी सशस्त्र लढा सुरू झाला. आर्चबिशप माकारिओस हे या चळवळीचे नेते. ब्रिटिशांनी त्यांना १९५६ मध्ये सेशेल्सला हद्दपार केलं. तुर्की भाषकांना ग्रीसच्या प्रजेतले अल्पसंख्याक व्हायचं नव्हतं. त्यांच्या नेत्यांनी उलट मागणी लावून धरली: तक्सीम, म्हणजे बेटाची वाटणी.

१९५९ मध्ये झुरिक आणि लंडन इथे तडजोड झाली आणि १६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झालं. एनोसिसही नाही, तक्सीमही नाही. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की. उपराष्ट्राध्यक्षाला परराष्ट्र, संरक्षण यांसारख्या विषयांत नकाराधिकार. सरकारी नोकऱ्या सत्तर-तीस प्रमाणात. लोकसंख्या मात्र सुमारे ७७ टक्के ग्रीक आणि १८ टक्के तुर्की. शिवाय ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन हे तीन हमीदार देश. घटना मोडली तर ती पूर्ववत करण्यासाठी पाऊल उचलण्याचा हक्क या तिघांनाही करारानेच दिलेला होता.

ही रचना एखाद्या सामाईक वाड्याच्या वाटणीपत्रासारखी होती. थोरल्याचा हिस्सा बारा आण्यांहून थोडा जास्त, धाकट्याचा तीन आणे. पण कौल बदलायचं तरी दोघांची सही हवी. थोरला म्हणतो, माझं घर आणि साध्या दुरुस्तीला याची परवानगी? धाकटा म्हणतो, माझी सही काढलीत तर मी या घरात भाडेकरू. वर तीन जामीनदार, प्रत्येकाकडे वाड्याची किल्ली, आणि त्यांतले दोघं एकमेकांशी हाडवैर असलेले. असा वाडा किती दिवस शांत राहणार?

१९६३: तुर्की भाषकांची आठवण

तीन वर्षं. कर कसे बसवायचे, पालिका वेगळ्या ठेवायच्या की एक, सैन्यात कोण किती, प्रत्येक गोष्टीवर अडवणूक. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकारिओस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. त्यांत उपराष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकारही जाणार होता. डिसेंबरमध्ये निकोसियात हिंसा उसळली. दोन्ही बाजूंची माणसं मेली, पण संख्येने कमी असलेल्या तुर्की समाजाला जास्त झळ बसली. हजारो तुर्की कुटुंबं मिश्र गावं सोडून दाटीवाटीच्या वस्त्यांत जाऊन राहिली. पुढची काही वर्षं त्यांनी नाकेबंदीत आणि तंबूंत काढली. सत्तेतली त्यांची पदं रिकामी झाली ती कायमची.

३० डिसेंबर १९६३ रोजी ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी दोन्ही बाजूंना वेगळं ठेवण्यासाठी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ग्रीन लाइन ती हीच. म्हणजे राजधानी दुभंगली ती १९७४ च्या दहा वर्षं आधी. दक्षिणेतल्या अनेक माहितीपत्रकांतून ही तारीख गळते आणि ते मला खटकतं.

इथे भारताचा खरा संबंध येतो. मार्च १९६४ मध्ये सुरक्षा परिषदेने शांतिसेना पाठवायचं ठरवलं. तिचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी होते. त्यांच्यानंतर आपले माजी लष्करप्रमुख जनरल के. एस. थिमय्या आले. डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच कर्तव्यावर असताना त्यांचं निधन झालं. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं आणि लार्नाकात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तिथे गेलात तर पाटीजवळ थोडं थांबा. जनरल दिवाण प्रेमचंद हे तिसरे भारतीय सेनापती. १९७४ च्या युद्धाच्या वेळी शांतिसेनेची सूत्रं त्यांच्याकडे होती.

१९७४: ग्रीक भाषकांची आठवण

ग्रीसमध्ये १९६७ पासून लष्करी राजवट होती. १५ जुलै १९७४ रोजी तिच्या पाठबळाने सायप्रसमध्ये बंड झालं. हेतू एनोसिसचाच. माकारिओस निसटले आणि त्यांच्या जागी निकोस सॅम्पसन हा कडवा माणूस बसवला गेला. पाच दिवसांनी, २० जुलैला, हमीदार म्हणून असलेला हक्क पुढे करत तुर्कस्तानचं सैन्य किरेनियाजवळ उतरलं. सत्तर किलोमीटर त्याने रातोरात ओलांडले. ग्रीसमधली लष्करी राजवट २३ जुलैला कोसळली. सॅम्पसनही गेला.

बंड फसलं होतं, जिनिव्हात बोलणी चालू होती, तरी १४ ऑगस्टला तुर्की सैन्याने दुसरी चढाई केली आणि दोन दिवसांत बेटाचा सुमारे ३७ टक्के भाग घेतला. पहिल्या चढाईबद्दल वाद घालता येतो. दुसरीचं समर्थन मला तरी कोणत्याही कराराच्या कलमात सापडत नाही. दीड लाखाहून जास्त ग्रीक भाषक घरदार सोडून दक्षिणेला पळाले. पुढच्या वर्षभरात दक्षिणेतले पन्नास हजारांच्या आसपास तुर्की भाषक उत्तरेला गेले. मिसळलेली गावं संपली.

१९८३ मध्ये उत्तरेने स्वतःला ‘उत्तर सायप्रसचं तुर्की प्रजासत्ताक’ म्हणून घोषित केलं. सुरक्षा परिषदेने ते अवैध ठरवलं. आजवर तुर्कस्तानखेरीज कोणीही त्याला मान्यता दिलेली नाही. जगाच्या लेखी बेटावर एकच देश आहे, सायप्रस प्रजासत्ताक, ज्याच्या उत्तर भागावर त्याच्या सरकारचा अंमल चालत नाही.

ती रेघ आज कशी दिसते?

दोन बाजूंच्या चौक्यांमधली, शांतिसेनेच्या देखरेखीखालची पट्टी म्हणजे बफर झोन. ती बेटाच्या आरपार १८० किलोमीटर जाते. शहरात काही ठिकाणी जेमतेम तीन-चार मीटर रुंद, उघड्या रानात सात किलोमीटरपर्यंत. निकोसियाला व्हेनिसच्या काळातला गोल तट आहे, अकरा बुरुजांचा. आज पाच बुरुज दक्षिणेत, पाच उत्तरेत आणि एक मधल्या पट्टीत. जुना विमानतळही पट्टीतच अडकला आहे. १९७४ पासून तिथली प्रवासी वाहतूक बंद आहे आणि सायप्रस एअरवेजचं एक विमान अजून तिथे गंजत उभं आहे. उत्तरेकडच्या डोंगरउतारावर उत्तरेचा अवाढव्य झेंडा रंगवलेला आहे. तो दक्षिण निकोसियातल्या गच्च्यांवरून रोज दिसतो आणि रात्री दिव्यांनी उजळतो. घर गमावलेल्या माणसाला रोज ते पाहावं लागतं.

पूर्वेला फामागुस्ताचं वारोशा हे उपनगर १९७४ पूर्वी बेटावरचं सगळ्यात झगमगीत पर्यटनस्थळ होतं. रहिवासी पळाले, तुर्की सैन्याने कुंपण घातलं आणि समुद्राकाठच्या हॉटेलांच्या रांगा तशाच रिकाम्या राहिल्या. मूळ रहिवाशांखेरीज तिथे कोणालाही वसवू नये, असा सुरक्षा परिषदेचा १९८४ चा ठराव आहे. तरी ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा काही भाग पर्यटकांना खुला झाला. लोक भाड्याच्या सायकली घेऊन तिथे फिरतात. इमारतींच्या आत जाऊ देत नाहीत. ज्यांची ती घरं होती ते हयात आहेत, काही तर त्याच रस्त्यावर येऊन आपली खिडकी ओळखतात. तिथे फोटो काढताना एवढं भान असावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ही आपल्या फाळणीसारखीच धर्माची फाळणी ना?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. ख्रिश्चन आणि मुस्लिम, ब्रिटिश राजवट, स्थलांतर, साम्य दिसतं. पण इथल्या घोषणा धर्माच्या नव्हत्या, मातृभूमीच्या होत्या. एकाची मातृभूमी ग्रीस, दुसऱ्याची तुर्कस्तान. शिवाय आपल्याकडे देश आणि सीमा एकाच वेळी जन्माला आले. सायप्रसमध्ये देश १९६० मध्ये झाला आणि सीमा पुढे सैन्याने आखली, म्हणून तुर्कस्तान आणि उत्तर सोडले तर तिला आजही कोणी सीमा मानत नाही.

इतकी वर्षं गेली, दोन देश मानून मोकळं का होत नाहीत?

कारण जमिनीचे सातबारे अजून जिवंत आहेत. १९९६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने किरेनियातली जमीन गमावलेल्या एका ग्रीक भाषक स्त्रीच्या बाजूने निकाल दिला: मालकी तिचीच, आणि तिला तिथे जाऊ न देण्याला तुर्कस्तान जबाबदार. नुकसानभरपाई तुर्कस्तानने २००३ मध्ये भरली. जे बळाने घेतलं ते पन्नास वर्षांनी आपोआप कायदेशीर होतं, असं एकदा मान्य केलं तर जगात किती ठिकाणी तोच दाखला दिला जाईल, याचा विचार करा.

एक मोठी संधी मात्र हुकली. २००४ मध्ये तेव्हाचे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांची एकत्रीकरणाची योजना २४ एप्रिलला दोन्हीकडे मतदानाला आली. उत्तरेत ६५ टक्क्यांनी हो म्हटलं, दक्षिणेत ७६ टक्क्यांनी नाही. दक्षिणेच्या शंका पोकळ नव्हत्या: तुर्की सैन्य राहणार, हमीदारांचा हक्क राहणार, सगळ्यांना घरी परतता येणार नाही. पण बरोबर एका आठवड्याने, १ मे रोजी, सायप्रसला युरोपीय संघाचं सदस्यत्व मिळणारच होतं, निकाल काहीही लागो. तोडगा काढण्याची निकड त्यामुळे एका बाजूला उरली नाही. हो म्हणणारे बाहेर राहिले आणि नाही म्हणणारे आत गेले, याचा कडवटपणा उत्तरेत आजही आहे.

२०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधली बोलणीही फिसकटली. २०२० मध्ये उत्तरेत निवडून आलेले नेते एर्सिन तातार दोन वेगळ्या देशांचीच भाषा बोलत. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना हरवून तुफान एर्हुर्मान यांना निवडलं. त्यांचा कल संघराज्याकडे, म्हणजे दोन स्वायत्त भागांच्या एका देशाकडे आहे.

सामान्य माणसं बोलतात की नाही?

बोलतात, आणि कामही करतात. तट, काटेरी तारा, सगळं आलं, तरी निकोसियाचं सांडपाणी उतार पाहूनच वाहतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी, जखमा ओल्या असताना, दक्षिणेचे महापौर लेल्लोस देमेत्रियादीस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी एकत्र बसून साऱ्या शहरासाठी एकच मलनिस्सारण व्यवस्था चालवली. एकमेकांना मान्यता देण्याचा प्रश्न त्यांनी मध्ये येऊ दिला नाही. या साऱ्या इतिहासात मला हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुसरं काम जास्त कठीण. १९६३-६४ आणि १९७४ मधले मिळून दोन हजारांच्या आसपास लोक बेपत्ता आहेत, दोन्ही समाजांचे. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांचं संयुक्त पथक शेतांत, विहिरींत खोदून अवशेष शोधतं, ओळख पटवतं आणि कुटुंबांच्या हवाली करतं. आजवर हजाराहून जास्त जणांची ओळख पटली आहे.

उत्तरेत जाणं म्हणजे ताबा मान्य करणं नाही का?

हा आक्षेप ग्रीक भाषकांतही आहे. काही जणांनी २००३ मध्ये नाकी उघडल्यापासून एकदाही पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, कारण स्वतःच्या गावात जाण्यासाठी ओळखपत्र दाखवणं त्यांना मान्य नाही. त्यांचा मान ठेवायलाच हवा. पण इतर लाखो लोक गेले आणि आपल्या जुन्या घरांची दारं ठोठावून आले. पाहुण्याने पलीकडे जाण्याने कायद्यातलं काहीच बदलत नाही, त्याची समज मात्र वाढते. मी तरी दोन्ही बाजू पाहाव्यात असंच म्हणेन.

व्यवहाराच्या चार गोष्टी. बेटावर उतरताना लार्नाका किंवा पाफोसच्या विमानतळावरच उतरावं. उत्तरेतल्या एर्जान विमानतळावरून येणं सायप्रस सरकार बेकायदा प्रवेश मानतं. निकोसियात लेद्रा रस्त्यावरचं नाकं २००८ मध्ये उघडलं. तिथून पायी पलीकडे गेलं की काही मिनिटांत तुम्ही १५७२ च्या ब्युयुक हान या दुमजली सराईत पोचता. त्यापुढे सेलिमिये मशीद आहे, जी मुळात फ्रेंच राजांनी बांधलेलं सेंट सोफिया कॅथेड्रल. दक्षिणेत युरो, उत्तरेत तुर्की लिरा. दक्षिणेत भाड्याने घेतलेल्या गाडीचा विमा पलीकडे चालत नाही, नाक्यावर वेगळा घ्यावा लागतो, आणि गाडी पलीकडे न्यायला गाडीवाल्याची परवानगी आहे का हे आधी विचारावं. हल्लूमी हे भाजून खायचं चीज दोन्हीकडे मिळतं. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्याला ग्रीक आणि तुर्की अशा दोन्ही नावांनी संरक्षण दिलं.

आणि उत्तरेत समुद्राकाठी स्वस्त फ्लॅटची जाहिरात दिसली तर आधी ती जमीन १९७४ पूर्वी कोणाच्या नावावर होती ते विचारा. मालक दक्षिणेत निर्वासित म्हणून राहत असेल, तर सायप्रसच्या कायद्याने तो व्यवहार गुन्हा ठरू शकतो आणि तिथल्या न्यायालयाचा निकाल युरोपीय संघातल्या देशांत लागू होतो.